पावणेसातचा लोड

१

आमच्या घरात गिझर, इस्त्री असलं काही मोठं लावण्याआधी ओरडून विचारायची पद्धत आहे. "घेऊ का?" एवढंच विचारायचं. दुसऱ्या खोलीत कुणाचं काही चालू असेल तर त्यानं "थांब" म्हणायचं. कुणी काहीच बोललं नाही तर वीज मोकळी आहे असं समजायचं आणि बटण दाबायचं.

ही पद्धत माझ्या नवऱ्यानं घालून दिली. घर जुनं, वायरिंग त्याहून जुनं. दोन मोठ्या वस्तू एकदम चालतात. तिसरी लावली की पाच-सात मिनिटांत बाहेरच्या दारामागचा खटका पडतो आणि सगळं घर गप्प होतं. हे वजनकाट्यावर कामाला आहेत. दिवसभर ट्रकांची वजनं करतात, त्यामुळे कुणी किती भार उचलावा याबद्दल त्यांची मतं ठाम आहेत. "खटका पडला म्हणून चिडायचं नाही," ते म्हणायचे. "तो त्याचं काम करतोय. आपण एक वस्तू बंद करायची."

आम्ही तिघं होतो तेव्हा सकाळी नुसता गोंधळ असायचा. यांचा गिझर, माझी इस्त्री आणि मुलीचा केस वाळवायचा ड्रायर. मुलीला आम्ही भिंगरी म्हणायचो, कारण ती एका जागी ठरायची नाही. भिंगरीनं जन्मात कधी "घेऊ का?" विचारलं नाही. पावणेसात वाजता न्हाऊन यायची, मागच्या खोलीत स्टुलावर बसायची, केस तोंडावर पुढे टाकायची आणि ड्रायर चालू करायची. की खटका पडलाच.

"अगं, विचारायला तोंड दुखतं का तुझं?" मी ओरडायचे.

"विचारलं की तुम्ही थांब म्हणता!" आतून उत्तर यायचं.

सहा वर्षांपूर्वी भिंगरी घर सोडून गेली. तेव्हा बावीस वर्षांची होती. लांबच्या शहरातल्या नोकरीवरून भांडण झालं आणि मी बोलू नये ते बोलले. पहिले चार महिने ती बाबांना फोन करायची. मग तो नंबर बंद झाला. हे तिकडे जाऊन आले. नोकरी सोडलेली, खोली रिकामी केलेली, पुढचा पत्ता कुणाजवळ नाही. पोलिसांत नोंद केली, ओळखीपाळखीत विचारलं. तेव्हापासून ती आहे की नाही हे आम्हाला ठाऊक नाही. वाक्य लहान आहे, पण त्यात सहा वर्षं राहायचं म्हणजे काय ते राहणाऱ्यालाच कळतं.

२

दोन महिन्यांपूर्वीच्या एका सोमवारी यांचा गिझर चालू होता आणि मी यांच्या शर्टाला इस्त्री करत होते. दोनच वस्तू. बाहीची घडी घातली आणि खटका पडला.

मी काही विचार न करता मागच्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "भिंगरे, थांब म्हटलं ना!"

ओरडून झाल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता तो थांबला. हे आत उभे होते, मी बाहेर उभी होते, मधे दार होतं. मग ते म्हणाले, "खटका वर कर गं. साबण लागलाय अंगाला."

मी खटका वर केला. आणि शर्टाची दुसरी बाही इस्त्रीखाली घेतली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मी घड्याळ पाहायला लागले. सकाळी सहाला, साडेसहाला, आठला, संध्याकाळी, केव्हाही दोन्ही लावा, खटका हूं की चूं करत नव्हता. पावणेसात ते सात एवढ्या पंधरा मिनिटांतच पडायचा. जणू घरात कुणीतरी तिसरी वस्तू लावत होतं आणि विचारत नव्हतं.

माझं शिक्षण फार नाही, पण मी भोळी नाही. मनाशी म्हटलं, त्याच वेळेला शेजारीपाजारीही गिझर लावतात, बाहेरून येणारा दाबच कमीजास्त होत असेल. किंवा खटका म्हातारा झाला असेल. म्हाताऱ्या माणसांचीही ठराविक वेळेला पाठ धरते.

"जीर्ण झालाय तो," हेही म्हणाले. पण माझ्याकडे न बघता म्हणाले.

आठवडाभरानं खटका पडायचा थांबला. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आणि त्याच सुमारास यांना खोकला सुरू झाला.

३

मी घरी शिवणकाम करते. पडदे, उशांचे अभ्रे, गणवेश. या वर्षी एका मोठ्या शाळेच्या सगळ्या वर्गांचे पडदे माझ्याकडे आले. एवढं कापड साध्या इस्त्रीनं सरळ करायचं म्हणजे खांदा कामातून जायचा. ओळखीच्या एका शिंप्याकडे वाफेची मोठी प्रेस पडून होती, ती तो मला द्यायला तयार होता. दोन हजार वॅटची. ठेवायला जागा एकच, मागची खोली. जाड पिनांचा मोठा प्लग बसेल असा पॉइंटही तिथेच.

"त्या खोलीतला पॉइंट वापरायचा नाही," हे म्हणाले.

"का हो?"

"झेपणार नाही त्या लाइनला."

"मग कुणाला तरी दाखवूया. झेपत नाही म्हणाला तर नाही आणणार."

"दाखवायचं काय त्यात? मी सांगतोय ना."

"तुमचा काटा ट्रकांचा आहे. विजेचा नाही."

एरवी असं काही बोलले की ते हसतात. त्या दिवशी हसले नाहीत. ताटावरून उठून गेले. मला वाटलं, तिची खोली द्यायला जिवावर येतंय. मलाही येतच होतं. पण सहा वर्षं एक स्टूल, एक पलंग आणि एक बंद कपाट झाडूनपुसून ठेवायचं आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पडदे शिवायचे, याला अर्थ काय? आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात आणखी एक होतं. ती खोली भरली की मी दर वेळी आत डोकावणं बंद करीन.

मी वायरमनला बोलावलं.

४

वायरमन आमच्याच वयाचा, बोलका. दिवसभर एका इमारतीच्या कामावर असतो म्हणून सकाळी साडेसहालाच आला. आल्या आल्या बोर्डाचं झाकण काढलं आणि आत बघून कपाळाला हात लावला.

"वहिनी, ही वायर माझ्या लग्नाआधीची दिसतेय."

"लग्न टिकलंय ना?"

"टिकलंय. पण तिथेही अधूनमधून खटका पडतो."

मग त्यानं माझ्याकडून सगळ्या वस्तूंचे वॅट विचारून बोर्डाशेजारी भिंतीवर पेन्सिलीनं लिहिले. गिझर दोन हजार, इस्त्री एक हजार, प्रेस दोन हजार. बाकीचे दिवे, पंखे, फ्रिज मिळून थोडे. तो सांगत गेला आणि मला सगळं कळत गेलं, इतकं सोपं करून सांगितलं त्यानं. हा खटका साधारण साडेतीन हजारांपर्यंत ओझं धरतो. गिझर आणि प्रेस एकदम लावले की चार हजार, म्हणजे पडणार. प्रेस आणि इस्त्री चालेल. गिझर आणि इस्त्रीही चालेल.

"पण मधे तेच पडत होतं," मी म्हटलं. "गिझर आणि इस्त्री. तीनच हजार."

"मग कुठेतरी गळती असेल. बघू. सगळं बंद करा. फ्रिजसुद्धा. घरात काही म्हणजे काही चालू नको."

मी घरभर फिरून सगळं बंद केलं, प्लग उपटून ठेवले. हे तोवर चहा घेऊन आले. "आधी चहा घ्या," म्हणाले.

"काम झाल्यावर घेतो, भाऊ."

"निवेल. आधी घ्या. बसा इथे. काय घाई आहे?"

इतका आग्रह यांनी जावयालाही केला नसता. पण वायरमननं एका हातात कप घेतला आणि दुसऱ्या हातानं काम सुरू ठेवलं. त्याच्याकडे चिमट्यासारखं तोंड असलेलं मीटर होतं. ते वायरीभोवती नुसतं धरायचं, की तिच्यातून किती वीज जातेय ते आकड्यात दिसतं. एका वायरीभोवती धरलं, शून्य. दुसरीभोवती धरलं, शून्य. तिसरीभोवती धरलं आणि त्यानं कप खाली ठेवला.

"मागच्या खोलीत काय चालू राहिलंय?"

"काही नाही. तिथे काही नाहीच."

"पाच पॉइंट दोन दाखवतंय."

"म्हणजे किती?"

"बाराशे वॅट, धरून चाला. इस्त्री नाही, गिझर नाही. मधलंच काहीतरी."

ड्रायरच्या मुठीवर चांदीच्या अक्षरांत बाराशे लिहिलेलं होतं. तो आणला त्या दिवशी हे "बाराशे?" असं ओरडले होते आणि भिंगरी म्हणाली होती, "बाबा, केस आहेत का शेपूट आहे बघा ना!" जाताना तो ड्रायर ती बॅगेत घालून घेऊन गेली होती.

मी घड्याळाकडे पाहिलं. सात वाजायला सात मिनिटं होती. यांच्याकडे पाहिलं, तर ते रिकाम्या ट्रेकडे बघत होते.

"चला बघू," वायरमन स्क्रू ड्रायव्हर घेऊन निघाला.

"अहो, बिस्किट घ्या की," हे वाटेत उभे राहिले. "साखर कमी झाली का चहात? थांबा, आणतो." साखर आणली, चमचा आणला, चमचा पडला, दुसरा आणला. या सगळ्यात सात वाजून गेले. मग ते बाजूला झाले.

खोली नेहमीसारखीच होती. वायरमननं पॉइंटवर बोट ठेवलं आणि पटकन काढलं. मग तळवा ठेवला. "गरम आहे," तो म्हणाला. स्क्रू काढून त्यानं पॉइंट भिंतीतून बाहेर ओढला. मागे नेहमीच्या तीन वायरी, त्यापुढे काही नाही. भिंत ठोकून पाहिली. पलीकडे आमचीच न्हाणी. तो परत बोर्डाशी गेला, चिमटा धरला. शून्य.

तो बराच वेळ चिमट्याची उघडझाप करत राहिला.

"वीज जाते ती कुठेतरी जाते, वहिनी. मी तरी आजवर तसंच पाहिलंय," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "इथे कोण झोपतं?"

"कुणी नाही."

"असं करू. ही जुनी वायर ओढून काढतो आणि खोलीला वेगळी नवी लाइन देतो, वेगळा खटका. प्रेस खुशाल चालवा. जुनी वायर गेली की ही भानगडही गेली. रविवारी येतो."

जाताना तो बोर्डाचं झाकण लावायला विसरला.

५

तो गेला मंगळवारी. बुधवारी सात वाजून एका मिनिटानं मी मागच्या खोलीत गेले आणि पॉइंटवर हात ठेवला.

गरम होता. भाजण्याइतका नाही. तापातल्या मुलाचं कपाळ असतं तेवढा. मी हात तसाच ठेवून बसले. हळूहळू तो कोमट झाला, मग निवाला. सव्वासातला साध्या प्लास्टिकचा तुकडा होता.

मी स्वतःला समजावलं. ऊन येत असेल. पण त्या भिंतीवर ऊन येत नाही. पलीकडून गिझरची ऊब येत असेल. गिझर दुसऱ्या भिंतीवर आहे. वायरमनचं मीटर बिघडलेलं असेल. असेलही. पण माझा हात बिघडलेला नव्हता.

खरी गोष्ट अशी की मला कारण नको होतं. सहा वर्षांत तिची एकही वस्तू माझ्या हाताला गरम लागली नव्हती. तिची उशी गार, कपाट गार, तिच्या कपबशीची कड गार. मी भिंतीला गाल लावला. एखाद्या बाईनं विजेच्या पॉइंटला गाल लावून बसावं, हे कुणी पाहिलं असतं तर मला दवाखान्यात नेलं असतं. मला वाटलं, भिंगरी आत्ता उठून गेली. मी दोन मिनिटं आधी आले असते तर?

आणि लगेच मी गाल मागे घेतला. दोन मिनिटं आधी आले असते तर काय दिसलं असतं?

६

गुरुवारी मी पावणेसातला उठून खोलीकडे निघाले. न्हाणीत पाणी पडत होतं, म्हणजे हे आंघोळ करत होते. बोळात वळले आणि थबकले. हे खोलीच्या बंद दारासमोर जमिनीवर बसले होते. कपडे घातलेले, खांद्यावर कोरडा टॉवेल. नळ रिकाम्या न्हाणीत बादलीत वाहत होता.

"अहो, नळ चालू आहे," मला दुसरं काही सुचलं नाही.

"असू दे. तुला वाटावं मी आत आहे म्हणून."

मी त्यांच्याशेजारी बसले. दाराखालच्या फटीतून पायाच्या बोटांना उबदार वारा लागत होता. आवाज कसलाच नव्हता. ओल्या केसांचा वास होता.

"केव्हापासून बसता इथे?"

"तू तिला हाक मारलीस ना, त्याच्या पुढच्या आठवड्यापासून."

"आणि गिझर?"

"तिघांचं एकदम चालत नाही, माहीत आहे ना तुला. तिचं होऊ दे आधी. मी नंतर गार पाण्यानं उरकतो."

"म्हणून खोकताय! आणि मी काढे करकरून दमले!"

"गार पाण्यानं कुणी मरत नाही गं. खोकतो फक्त."

मी दाराकडे बघून विचारलं, "दार उघडून पाहिलंत?"

"नाही."

"एकदाही?"

ते माझ्याकडे वळले. एवढ्या जवळून मी त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. "जिवंत माणूस बंद खोलीत येऊन केस वाळवतं का, सांग बरं. दार उघडलं आणि आत तीच असली, तर मग झालंच की सगळं. दार लावलेलं आहे तोवर ती कुठेतरी नोकरी करतेय. डबा नेतेय. आपल्यावर रागावलेली आहे."

मला रडू आलं नाही. राग आला. "आणि नसलीच आत कुणी तर?"

"तेही नको वाटतं."

फटीतला वारा थांबला. सात वाजले होते. हे भिंतीला धरून उठले, नळ बंद केला आणि न्हाणीत गेले. आतून गार पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेतल्याचा आवाज आला. त्या आवाजानं माझंच अंग शहारलं.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं दारासमोर बसलो. सिनेमाला जोडीनं जावं तसे. उठताना ते म्हणाले, "रविवारी काढू दे त्याला वायर. मी दमलो. तू मागव तुझी प्रेस."

"वायर काढली की ती येणार नाही मग."

"हो ना."

"आणि आपल्याला कधीच कळणार नाही."

"सहा वर्षं कुठे कळलंय?"

ते कामावर गेले. मी दिवसभर पडद्यांच्या पट्ट्या दुमडत राहिले. एका पट्टीला तीनदा उलटी शिवण घातली. ते दार बंद ठेवून वाट पाहू शकत होते. मी तशी नाही. ती गेली असेल तर मला रडायचं होतं. ती गेलेली नसेल तर मला तिच्यावर रागवायचं होतं. दोन्ही अडवून धरून मी सहा वर्षं पडदे शिवत होते. रविवारनंतर तेही उरणार नव्हतं.

७

शनिवारी मी आधीच सांगितलं, "मी उघडणार आहे."

हे बोळाच्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पावणेसात होऊन गेले. फटीतून वारा यायला लागला. मी कडी काढली. दार वीतभर लोटलं.

खोलीत सकाळचा साधा उजेड होता. स्टुलावर माझ्याकडे पाठ करून कुणीतरी बसलं होतं. कमरेतून पुढे वाकलेलं, केस तोंडावर पुढे टाकलेले, टोकं जवळजवळ जमिनीला टेकलेली. केस वाऱ्यानं हलत होते. हातात काय होतं ते मला पाठीआड दिसलं नाही. आवाज नव्हता. दुसऱ्या हाताची बोटं केसांत घालून ती ते मोकळे करत होती, मुळापासून टोकापर्यंत, मग अंगठ्यानं एक झटका. तो झटका माझा आहे. लहानपणी तिचे केस विंचरताना मीच तो तिला लावला.

मी हाक मारणार होते. जीभ उचलली होती.

मग डोळ्यांना जे दिसत होतं ते डोक्यापर्यंत पोचलं. केस पांढरे होते. सगळे. विरळ, पिवळट पांढरे. मानेचे मणके वर आलेले, त्यावरची कातडी सैल. केसांत फिरणारा हात हळू फिरत होता, मधेच थरथरत होता, आणि त्यावर तपकिरी डाग होते. माझ्या आईच्या हातावर शेवटी होते तसे. एका बोटात अंगठी होती. आम्ही तिला कधी अंगठी केली नव्हती. ही इतकी वर्षं घातलेली असावी की बोट तिच्या दोन्ही बाजूंनी फुगलं होतं. आता ती निघाली नसती.

अंगात जाड स्वेटर होता. कोपर विरलेलं, तिथे दुसऱ्या रंगाच्या लोकरीचं ठिगळ. मी शिवणारी बाई, माझी नजर तिथे गेलीच. ठिगळाचे टाके वेडेवाकडे होते, मोठे मोठे. तिचे नव्हते, तिला मी टाका शिकवला आहे. हे ज्याला शिवता येत नाही अशा कुणीतरी बसून, चष्मा लावून, तिच्यासाठी घातले होते.

किती वेळ पाहिलं, सांगता येणार नाही. तिचा हात थांबला. दारातून गार हवा आत गेली असावी. ती मान वर करायला लागली, हळूहळू, म्हाताऱ्या माणसाला वेळ लागतो तसा.

तेव्हा मला भीती वाटली. तिची नाही. पूर्वी आम्ही थांब म्हणू म्हणून ती विचारायची नाही, पण आता तिच्या लेखी या घरात विचारायला कुणी उरलंच नसेल. ती वळली असती, तर तिला दारात कोण दिसलं असतं?

मी दार लावून घेतलं.

८

हे अजून भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"तीच?"

"हो. तीच."

त्यांनी भिंतीला कपाळ टेकलं. पाठ हलायला लागली. मी जाऊन त्यांचा दंड धरला, पण ते वळेनात.

"अहो, ऐका. ऐकता का माझं? म्हातारी आहे ती."

"काय?"

"म्हातारी आहे. आपल्या दोघांपेक्षा म्हातारी. केस पिकलेत सगळे. ऐंशीची तरी असेल."

ते वळले. डोळे, नाक सगळं वाहत होतं आणि तोंड अर्धवट उघडं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं, हात, अंगठी, स्वेटर. ते ऐकताना बोटांवर काहीतरी मोजत होते. सहा पेरं मोजून थांबले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"अठ्ठावीसची असेल ना गं ती आता?"

"चैत्रात... नाही, झाली. अठ्ठावीस पूर्ण झाली."

"म्हणजे अजून पन्नास वर्षं."

"पन्नासच्या वरच."

ते खाली बसले. मीही बसले. आता आम्ही दाराकडे पाठ करून बसलो होतो. पाठीला फटीतला वारा लागत होता.

"म्हणजे आज कुठेतरी आहे ती," ते म्हणाले. "आत्ता. उठली असेल."

"उशिरा उठते ती. सुट्टी आहे आज."

"कुणाजवळ असेल?"

"माहीत नाही. शिवता येत नाही त्याला एवढं कळलं."

ते हसले. हसताना खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "आपण असताना येत नाही ती, मग."

मी त्यांचा टॉवेल घेतला आणि त्यांचं तोंड पुसलं.

"त्या वायरमनला उद्या येऊ नको म्हणून सांग," ते म्हणाले. "आणि प्रेसचं बघू. शिंप्याच्याच दुकानात जाऊन करत जा तू इस्त्री. मी पडदे सायकलवर टाकून आणत जाईन."

"बरं."

वारा मंदावत चालला होता. सात वाजायला आले असावेत. ते कान देऊन ऐकत होते, ऐकण्यासारखं काही नव्हतं तरी.

"आपली आठवण ठेवली असेल का गं तिनं?" त्यांनी हळूच विचारलं. "एवढ्या वर्षांनी?"

"नाहीतर खोली कशी सापडली असती?" मी म्हटलं.